मूल सीमेपार गेलं की आधी काय बघतात: ताबा, व्हिसा की आश्रय?

अर्धविराम

एलियन गोन्सालेस प्रकरणाची कागदपत्रं वाचतोय. २५ नोव्हेंबर १९९९ ला फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ टायरच्या ट्यूबवर तरंगताना सापडलेला पाच वर्षांचा क्युबन मुलगा. आई बुडालेली, वडील क्युबात, आणि मायामीतले नातेवाईक 'याला इथेच राहू द्या' म्हणणारे. २८ जून २००० ला तो वडिलांबरोबर परत गेला. गोष्ट माहीत आहे, अडतंय ते कायद्यापाशी.

१. फ्लोरिडाच्या कौटुंबिक न्यायालयाने जानेवारी २००० मध्ये चुलत आजोबांना तात्पुरता ताबा दिला होता. मग त्या आदेशाचं झालं काय?
२. मूल परदेशी पळवून नेण्याबद्दल १९८० चा हेग करार आहे. तो इथे का लागला नाही?
३. मुलाच्या नावाने आश्रयाचा अर्ज पडला असेल तर त्याला परत पाठवता येतं का?
४. प्रत्यक्षात असं मूल परत मागायचं तर कोण, कुठे, काय अर्ज करतं आणि घोडं कुठे अडतं?

क्युबा-अमेरिका वादावरची मतं नकोत, ती पोटभर वाचून झाली आहेत. प्रक्रिया सांगा.

तळटीप

पहिल्या प्रश्नात बहुतेकांची गल्लत होते, कारण तीन वेगळे प्रश्न एकाच 'ताबा' या शब्दाखाली ढकलले जातात. मूल कोणाकडे राहावं, हा कौटुंबिक न्यायालयाचा प्रश्न. मुलाला या देशात राहू द्यायचं का, हा इमिग्रेशन खात्याचा. आणि या दोहोंच्या मध्ये बसलेला तिसरा: मुलाच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा? एलियनचं प्रकरण निकालात निघालं ते या मधल्या प्रश्नावर.

सापडल्यावर आयएनएसने, म्हणजे तेव्हाच्या इमिग्रेशन खात्याने, त्याची तपासणी पुढे ढकलली आणि त्याला 'पॅरोल'वर देशात घेऊन चुलत आजोबा लाझारो गोन्सालेस यांच्याकडे सोपवलं. हा पॅरोल तुरुंगातल्यासारखा नव्हे. इमिग्रेशन कायद्याच्या हिशोबाने पॅरोलवरचा माणूस अजून देशात आलेलाच नसतो, उंबरठ्यावर उभा असतो. आणि त्याला कोणाकडे ठेवायचं हे खातं ठरवतं, बदलूही शकतं.

आता ते आश्रयाचे अर्ज बघा. एक नाही, तीन होते. पहिल्यावर लाझारो यांची सही. दुसऱ्यात मजकूर तोच, पण खाली मुलाने स्वतः नाव लिहिलेलं. तिसरा जानेवारीत, कौटुंबिक न्यायालयाचा तात्पुरत्या ताब्याचा आदेश हाती आल्यावर, पुन्हा लाझारो यांचा. मजकुरात तिन्ही वेळा विशेष फरक नाही, फरक फक्त सही करणाऱ्याच्या अधिकारात. म्हणजे राज्याच्या न्यायालयात जाण्यामागचा हेतू मूल सांभाळण्यापेक्षा ती तिसरी सही वजनदार करण्याचा होता. माझ्या मते सगळ्या फाइलमधली सर्वांत बोलकी जागा हीच.

आयएनएसच्या अधिकाऱ्यांनी वडिलांची, हुआन मिगेल यांची, क्युबात जाऊन दोनदा मुलाखत घेतली. ते कोणाच्या दबावाखाली बोलत आहेत का, मुलाशी त्यांचा रोजचा संबंध होता का, हे तपासलं. ५ जानेवारी २००० ला निर्णय आला: एवढं लहान मूल आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध आश्रयाचा अर्ज स्वतः करू शकत नाही, हयात असलेला पालक त्याच्या वतीने बोलणार, आणि पालकाला बाजूला सारावं असं स्वतंत्र, वस्तुनिष्ठ कारण दिसत नाही. अर्ज विचारातच घेतले नाहीत. 'फेटाळले' आणि 'विचारात घेतले नाहीत' यात फरक आहे. पुढची सगळी लढाई या दुसऱ्या शब्दावर झाली.

१० जानेवारीला राज्याच्या न्यायालयाचा ताब्याचा आदेश आला. ॲटर्नी जनरल जॅनेट रेनो यांनी दोन दिवसांत कळवलं की इमिग्रेशनच्या बाबतीत तो आम्हाला बंधनकारक नाही. १३ एप्रिलला त्याच राज्य न्यायालयात दुसऱ्या न्यायाधीशांनी मूळ अर्जच काढून टाकला: विषय संघराज्याच्या अखत्यारीतला, आणि फ्लोरिडाच्या कायद्यानुसार चुलत आजोबांना असा दावा करण्याचा अधिकारच नाही. तुमचा आदेश विरघळला तो असा.

अर्ज विचारात घ्यावेत म्हणून नातेवाईकांनी लावलेला दावा संघराज्याच्या जिल्हा न्यायालयाने २१ मार्चला फेटाळला होता. अपील अकराव्या सर्किटकडे, म्हणजे संघराज्याच्या तिथल्या अपील न्यायालयाकडे. तिथला युक्तिवाद साधा पण टोकदार: कायद्यात 'कोणताही परकीय' आश्रयाचा अर्ज करू शकतो असं लिहिलंय, सहा वर्षांचा मुलगा 'कोणताही' मध्ये येत नाही का? १ जूनच्या निकालात न्यायालय म्हणालं, येतो. पण 'अर्ज करणं' म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलेलं नाही. ती मोकळी जागा खात्याने भरली, आणि खात्याचं धोरण वाजवीपणाच्या बाहेर जात नाही. हा 'शेव्हरॉन' तत्त्वाचा आधार होता: कायदा मोघम असेल तर खात्याचा अर्थ मानायचा. हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून २०२४ ला मोडीत काढलं, एलियन परत गेल्याला बरोबर चोवीस वर्षं झाली त्या दिवशी. आज तसाच दावा आला तर खात्याच्या मताला ते आयतं वजन मिळणार नाही.

दोन बारकावे, ज्यांवर नेहमी चुकीचं वाचायला मिळतं. १९ एप्रिलचा अपील न्यायालयाचा आदेश एवढाच होता की निकाल लागेपर्यंत मुलाने देश सोडायचा नाही. तो कोणाच्या घरी राहील यावर त्यात काही नव्हतं. म्हणून २२ एप्रिलच्या पहाटे सशस्त्र पथकाने त्याला उचलून, ६ तारखेलाच अमेरिकेत आलेल्या वडिलांकडे दिलं, त्याने त्या आदेशाचा भंग झाला नाही. खात्याने पॅरोलचा ताबा त्याआधीच लाझारो यांच्याकडून काढून घेतला होता. पद्धत योग्य होती का, हा वेगळा वाद. दुसरं म्हणजे वेळ. १९६६ च्या क्युबन ॲडजस्टमेंट ॲक्टनुसार पॅरोलवर घेतलेल्या क्युबन माणसाला अमेरिकेत एक वर्ष काढलं की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. नोव्हेंबर २००० पर्यंत नुसती तारीख लांबवता आली असती तरी नातेवाईकांच्या हाती नवा पत्ता आला असता. अशा प्रकरणांत उशीर हा निव्वळ अपघात नसतो, बऱ्याचदा तोच डाव असतो.

सीमापार

प्रश्न २ आणि ४ घेतो.

हेग करार लागला नाही कारण क्युबा तेव्हा त्यात नव्हता. बस. करार लागू व्हायला मूल जिथून नेलं तो देश आणि जिथे आहे तो देश, दोन्ही त्यात हवेत. तेवढंही पुरत नाही: नंतर सामील झालेल्या देशाचा प्रवेश जुन्या सदस्याने स्वतंत्रपणे स्वीकारावा लागतो, कलम ३८. म्हणून 'अमुक देश सदस्य आहे' एवढं वाचून थांबू नका. या दोन देशांमध्ये करार चालू आहे का आणि कोणत्या तारखेपासून, ते हेग परिषदेच्या तक्त्यात बघा. मूल त्या तारखेच्या आधी नेलं असेल तर करार नाही.

करार काय करतो? ताबा ठरवत नाही. मुलाचं नेहमीचं वास्तव्य जिथे होतं तिथल्या न्यायालयाकडे मुलाला परत पाठवतो, ताबा तिथे ठरतो. कलम १९ मध्ये हे स्पष्ट आहे आणि कलम १६ नुसार परतीचा अर्ज आल्याचं कळल्यावर मूल ज्या देशात आहे तिथल्या न्यायालयाने ताब्याच्या गुणदोषांना हात लावायचा नाही. नागरिकत्व कुठलं, आई चांगली की बाप, शाळा कुठली बरी, हे इथे गैरलागू. तरी दहापैकी नऊ अर्जांत पानंच्या पानं त्यावरच खर्ची पडलेली असतात.

अर्जदाराने सिद्ध करायचं ते एवढंच: मूल १६ वर्षांखालचं आहे, नेण्याच्या किंवा अडकवून ठेवण्याच्या क्षणी त्याचं नेहमीचं वास्तव्य आमच्या देशात होतं, आम्हाला ताब्याचा हक्क होता आणि आम्ही तो बजावत होतो. ताब्याचा हक्क म्हणजे न्यायालयाचा कागदच हवा असं नाही, त्या देशाच्या कायद्याने आपोआप मिळालेला हक्कही चालतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ॲबट खटल्यात धरलं की 'माझ्या परवानगीशिवाय मूल देशाबाहेर न्यायचं नाही' एवढा हक्कसुद्धा ताब्याच्या हक्कात मोडतो. तिथे ताबा आईकडे होता, वडिलांकडे फक्त भेटीचा हक्क आणि चिलीच्या कायद्याने दिलेला हा नकाराधिकार.

अर्ज आपल्या देशाच्या सेंट्रल ऑथॉरिटीकडे, म्हणजे या करारासाठी नेमलेल्या सरकारी कार्यालयाकडे, देता येतो, किंवा मूल जिथे आहे तिथल्या न्यायालयात थेट. सोबत मुलाची जन्मतारीख, फोटो, कुठे आणि कोणाबरोबर असल्याचा अंदाज, हक्काचा आधार, जन्मदाखला, विवाहाचा किंवा घटस्फोटाचा कागद, शाळेचा आणि दवाखान्याचा दाखला. शेवटचे दोन लोक विसरतात, आणि नेहमीचं वास्तव्य खरं त्यांवरच ठरतं. भाषांतर त्या देशाच्या भाषेत हवं. मात्र नोटरी-अपोस्टीलच्या मागे पंधरा दिवस घालवू नका. कलम २३ म्हणतं की या करारापुरती अशा प्रमाणीकरणाची अट घालता येत नाही. खर्चाचं चित्र देशागणिक वेगळं. इंग्लंडमध्ये परत मागणाऱ्या पालकाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. अमेरिकेने कराराच्या खर्चाच्या कलमावर राखीव भूमिका घेतलेली आहे, तिथे वकील स्वतः शोधावा लागतो.

कलम ११ मध्ये सहा आठवड्यांचा उल्लेख आहे. ती सक्तीची मुदत नाही. सहा आठवडे उलटले तर उशिराचं कारण विचारायचा हक्क मिळतो, इतकंच.

घोडं अडतं ते बहुधा संमतीवर. नेण्याला संमती होती किंवा नंतर मान्य केलं असं दिसलं तर परतीचा आदेश देणं न्यायालयावर बंधनकारक राहत नाही. आणि हे दिसतं कशातून? मोबाइलमधून. 'ठीक आहे, सध्या राहू दे तिथेच, नंतर बघू' असा भांडण शांत करायला रात्री पाठवलेला एका ओळीचा मेसेज पुढे छापून, त्यावर परिशिष्टाचा क्रमांक टाकून समोर येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून लेखी एकच वाक्य: मूल अमुक तारखेला परत यायचं ठरलं होतं, पुढे राहायला माझी संमती नाही. दुसरी तशीच चूक म्हणजे घाईघाईने त्या परक्या देशातच ताब्याचा दावा लावणं. 'इथल्या न्यायालयाने ताबा ठरवावा हे तुम्हाला मान्य आहे' असा त्याचा अर्थ लावायला समोरचा वकील टपलेलाच असतो.

दुसरं मोठं हत्यार कलम १३ ब: परत पाठवल्यास मुलाला गंभीर धोका. अमेरिकेत हा धोका 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुराव्याने दाखवावा लागतो, नुसतं पारडं झुकून चालत नाही. हिंसाचारातून पळालेल्या आयांना हे ओझं फार जड जातं, आणि करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पळवणारा म्हणून बहुधा बाप होता, ही टीका मला रास्त वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गोलान खटल्यात २०२२ मध्ये एवढं झालं की गंभीर धोका सिद्ध झाल्यावर, तो कमी करायचा प्रत्येक संभाव्य उपाय तपासण्याची सक्ती न्यायालयावर उरली नाही.

खर्डेघाशी

तळटीप यांच्या प्रतिसादाला एक जोड. 'मुलाच्या वतीने कोण बोलणार' याचं उत्तर वयानुसार फिरतं. त्यासाठी एलियनच्या शेजारी वॉल्टर पोलोवचॅक ठेवून बघा. १९८० मध्ये शिकागोत आलेलं सोव्हिएत युक्रेनमधलं कुटुंब. आईवडिलांनी परत जायचं ठरवलं, १२ वर्षांचा वॉल्टर म्हणाला, मी येत नाही. त्याला आश्रय मिळाला. आईवडील गेले आणि तिथून भांडत राहिले. इलिनॉयच्या न्यायालयांनीही आईवडिलांच्या बाजूने कौल दिला, पण तो अंमलात आणणार कसा? आश्रय तर संघराज्याने दिलेला. १९८५ मध्ये सातव्या सर्किटने म्हटलं की आईवडिलांना न विचारता आश्रय देण्यात त्यांच्या हक्कांवर घाला आला. पण त्याच निकालात हेही आहे की १२ वर्षं हे मुलाच्या स्वतंत्र हक्काच्या वयोपट्ट्याचं खालचं टोक, तर १७ हे वरचं. निकाल आला तेव्हा वॉल्टरचा अठरावा वाढदिवस तोंडावर होता. पुढे तो सज्ञान झाला आणि खटल्यात दम उरला नाही.

कायद्यात आईवडील जिंकले, घड्याळात मुलगा.

हेग करारातही मुलाचा आक्षेप ऐकायची सोय आहे, पण वयाचा आकडा मुद्दाम घातलेला नाही. 'मला इथे आवडतं' हा आक्षेप नव्हे. परत जाण्याला विरोध, तोही स्वतःच्या डोक्याने केलेला, असावा लागतो. मूल मोठ्यांची वाक्यं जशीच्या तशी बोलायला लागलं की मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात येतंच.

अर्धविराम

फार उपयोगी. पोलोवचॅक माहीत नव्हता. प्रश्न ३ मात्र अजून लोंबकळतोय: हेग करार म्हणतो परत पाठवा, निर्वासितांचा करार म्हणतो जिथे छळ होईल तिथे पाठवू नका. दोन्हींवर सही केलेल्या देशाने करायचं काय?

तळटीप

यावर सर्वांत नीट विचार ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ च्या 'जी विरुद्ध जी' निकालात केलाय. आठ वर्षांची मुलगी, दक्षिण आफ्रिकेतून आईने इंग्लंडमध्ये आणलेली. आईचा आश्रयाचा अर्ज, मुलगी त्यात 'अवलंबित' म्हणून; वडिलांचा हेगखाली परतीचा अर्ज.

न्यायालयाने म्हटलं: अवलंबित म्हणून नाव असलेल्या मुलाचाही अर्ज झाला आहे असं सामान्यतः धरावं. आश्रयाचा निर्णय गृहखात्याचा, परतीचा उच्च न्यायालयाचा, एकाने दुसऱ्याचं काम करायचं नाही. हेगचा अर्ज ऐकायला आणि परतीचा आदेश द्यायलाही हरकत नाही, पण आश्रयाचा निर्णय होईपर्यंत आणि देशात राहून करता येण्याजोगं अपील संपेपर्यंत त्याची अंमलबजावणी करायची नाही. म्हणजे आदेश हातात, मूल तिथेच. हेग करार वेगावर चालतो आणि आश्रयाची यंत्रणा कशी चालते हे सर्वांना ठाऊक आहे. खोटा अर्ज टाकून वेळ काढायला ही फट वापरली जाईल हे न्यायालयाला दिसत होतं. म्हणूनच दोन्ही बाजूंनी घाई करा, माहितीची देवाणघेवाण करा, असं बजावलंय.

अमेरिकेत पाचव्या सर्किटने २०१४ मध्ये थोडी वेगळी वाट काढली. मेक्सिकोतून आलेली तीन मुलं, आईचा हेग अर्ज, परतीच्या आदेशानंतर मुलांना आश्रय मंजूर. न्यायालय म्हणालं, आश्रय मिळाल्याने हेग करार आपोआप बाद होत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याची उंची वेगळी. पण आश्रय का दिला हा गंभीर धोक्याचा महत्त्वाचा पुरावा आहे, तो बघून पुन्हा ठरवा.

व्यवहारातली एक अडचण या निकालांच्या गोंगाटात हरवते. आश्रयाची फाइल गोपनीय असते. मागे राहिलेला पालक त्यात पक्षकार नसतो. त्याच्यावर काय आरोप आहेत हे त्याला तिथून समजत नाही, उत्तर देता येत नाही, आणि त्याच आरोपांवर ठरलेला निर्णय हेगच्या खटल्यात पुरावा म्हणून येतो. गोपनीयता लागते हेही खरं, छळणाऱ्याच्या हातात फाइल देता येत नाही. यावर कोणाकडे स्वच्छ तोडगा नाही. न्यायाधीश कागदाकागदाला तपासून, काही भाग काळा करून, काय दाखवायचं ते ठरवतो.

सीमापार

प्रश्न ४ चा उरलेला भाग, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित: मुलाला परत जायचा आदेश झाला, पण ज्या आईने किंवा बापाने आणलं त्याला त्या देशात पाऊल ठेवायची मुभा आहे का?

मूल नागरिक असेल तर त्याचा पासपोर्ट आहे. पालकाचा व्हिसा जोडीदाराच्या व्हिसावर लटकलेला होता, आता जोडीदारच समोरचा पक्षकार. न्यायालय मुलाला परत पाठवू शकतं, त्या पालकाला व्हिसा द्या असा हुकूम दुसऱ्या देशाच्या सरकारला देऊ शकत नाही. अमेरिकेत व्हिसा मिळत नसेल तर फॉर्म आय-१३१ वर पॅरोलची विनंती करता येते, ताब्याच्या सुनावणीला हजर राहण्यासाठी. मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी ठरावीक मुदतीचा. आणखी एक खड्डा: अमेरिकेत बेकायदा एक वर्ष किंवा अधिक राहून मग देश सोडला तर दहा वर्षं प्रवेशबंदी लागते, १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत असेल तर तीन. 'मूल घेऊन निघून आले' म्हणणाऱ्या पालकाने निघतानाच ही बंदी ओढवून घेतलेली असू शकते. व्हिसाचा किंवा पॅरोलचा अर्ज परतीच्या आदेशाची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात हलवायचा असतो.

परतीचा आदेश कागदावर कसा असतो तेही बघा. 'मुलाला परत पाठवा' एवढी ओळ असेल तर तो आदेश कच्चा. चांगल्या आदेशात विमानाची तारीख असते, तिकीट कोण काढणार, पासपोर्ट सध्या कोणाच्या वकिलाकडे आणि विमानतळावर कोणाच्या हाती द्यायचे, उतरल्यावर मूल आणि आई राहणार कुठे, पहिले काही महिने भाडं-खर्च कोणाचा, समोरच्याने विमानतळावर यायचं नाही, पहिली सुनावणी होईपर्यंत मूल आईपासून काढायचं नाही. ही हमी, समजा, इंग्लंडच्या न्यायालयात दिलेली असते आणि ती दुसऱ्या देशात पाळली जाईल याची खात्री नसते. तिथल्या न्यायाधीशाने ती कधी पाहिलेलीही नसते. म्हणून मूल विमानात बसायच्या आधी तिथल्या न्यायालयाकडून शब्दशः तसाच आदेश, मिरर ऑर्डर, घेऊन ठेवतात. दोन्ही देश १९९६ च्या हेग करारात असतील तर तातडीचे संरक्षणाचे आदेश तिथेही मानले जातात. अमेरिकेने त्यावर २०१० मध्ये सही केली आहे, मंजुरी दिलेली नाही.

आणि फौजदारी तक्रार. राग समजतो, पण मागे राहिलेल्या पालकाला ती बऱ्याचदा उलटी पडते. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्यानुसार १६ वर्षांखालच्या मुलाला असं देशाबाहेर नेण्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वॉरंट निघालं की पळवणारा पालक न्यायालयाला सांगतो, मी मुलाबरोबर उतरले की मला अटक, लहान मूल एकटं पडणार, हाच गंभीर धोका. मग तक्रार मागे घ्यायला धावाधाव. ती मागे घेणं तक्रारदाराच्या हातात नसतं, सरकारी वकिलाच्या असतं.

जुना_कारकून

राजकारणाचं मत नको म्हणालात, पण राजकारण प्रक्रियेत कुठून शिरतं तेवढं सांगतो.

एलियनच्या वेळी काँग्रेसच्या एका समितीने मुलाच्या नावाने समन्स काढलं, त्याला नागरिकत्व द्यायची विधेयकं आली, तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांनी स्वतःच्या सरकारपेक्षा वेगळी भूमिका घेतली. निकालावर यातल्या कशाचाही परिणाम झाला नाही. आवाज चिक्कार, कायदेशीर वजन शून्य.

उलट उदाहरण गोल्डमन प्रकरणाचं. जून २००४ मध्ये आई मुलाला अमेरिकेतून ब्राझीलला सुट्टीसाठी घेऊन गेली ती परतलीच नाही. दोन्ही देशांमध्ये करार चालू, वडिलांचा अर्ज वेळेत, तरी साडेपाच वर्षं लागली. मधल्या काळात आई वारली आणि वाद सावत्र वडिलांशी सुरू राहिला. शेवटी डिसेंबर २००९ मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांनी परतीचा मार्ग मोकळा केला, त्याच सुमारास सिनेटर लॉटेनबर्ग यांनी ब्राझीलला फायद्याचं व्यापारी विधेयक अडवून धरलं होतं. २४ डिसेंबरला मूल वडिलांना मिळालं, विधेयक सुटलं. त्यातून २०१४ चा गोल्डमन कायदा आला: परराष्ट्र खात्याने दरवर्षी अहवाल द्यायचा, करार न पाळणाऱ्या देशांची नावं घ्यायची, आणि निषेधाच्या खलित्यापासून मदत रोखण्यापर्यंत पायऱ्या चढायच्या. वरच्या पायऱ्यांवर चढायला सहसा कोणी तयार नसतं, कारण मूल एक आणि दोन देशांमधले व्यवहार शंभर.

करारात नसलेल्या देशांचं काय? भारत अशांपैकीच एक, म्हणजे कराराबाहेर. तिथे परदेशी आदेश आपोआप अंमलात येत नाही. वाट असते उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे अडकवून ठेवलेल्याला न्यायालयापुढे हजर करा अशा अर्जाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक, मुलाचं हित सर्वांत वर. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात करारात सामील व्हा म्हटलं होतं. विरोध होतो तो मुख्यतः या कारणाने की परदेशातल्या हिंसाचारातून माहेरी परतलेल्या आईलाच 'पळवणारी' ठरवलं जाईल. वर सीमापार यांनी १३ ब बद्दल लिहिलंय ते वाचलं की ही भीती पोकळ वाटत नाही.

अशा देशांच्या बाबतीत अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात एक कळ आहे, वकिलांनाही नेहमी आठवत नाही. अमेरिकी न्यायालयाचा ताब्याचा आदेश असताना मूल परदेशात अडकवून ठेवणाऱ्या परकीयाला, आणि त्याला जाणूनबुजून मदत करणाऱ्यांनाही, मूल सुपूर्द होईपर्यंत व्हिसा नाकारता येतो. आजी-आजोबा, मामा यांचे व्हिसा यात अडकू शकतात. मूल हेग करारातल्या देशात असेल तर हे कलम लागत नाही. म्हणजे तुमचा देश करारात नाही हे ढाल वाटतं, इथे तेच उलटतं.

अर्धविराम

सर्वांचे आभार. शेवटची शंका. हेग कराराच्या कलम १२ मधली अर्जासाठीची एक वर्षाची मुदत: परत यायची तारीख १० ऑगस्ट ठरली होती, पालकाने दहा महिन्यांनी सेंट्रल ऑथॉरिटीकडे अर्ज दिला, तिथून न्यायालयात जायला तीन महिने लागले. मुदतीत धरायचं ना?

सीमापार

अमेरिकेत नाही. तिथे घड्याळ न्यायालयात याचिका दाखल झाल्याच्या तारखेला थांबतं, सेंट्रल ऑथॉरिटीच्या शिक्क्यावर नाही. तुमच्या उदाहरणात तेरा महिने झाले. वर्ष उलटलं म्हणजे अर्ज मेला असं नव्हे, पण मूल नव्या जागी रुळलं आहे असा बचाव समोरच्याला खुला होतो. मूल लपवून ठेवलं होतं म्हणून मुदत वाढवून मिळत नाही, हे लोझानो खटल्यात २०१४ मध्ये ठरलंय. लपवलं होतं ही गोष्ट फार तर 'रुळलं' कशाला म्हणायचं हे बघताना मोजतात. नुसता कच्चा व्हिसा आहे म्हणून मूल रुळलं नाही असंही बहुतेक न्यायालयं मानत नाहीत. हद्दपारीची टांगती तलवार खरोखर डोक्यावर हवी.

आणि १० ऑगस्ट ही सुरुवात तरी पक्की आहे का ते बघा. जुलैतच 'आम्ही परत येणार नाही' असा स्वच्छ मेसेज आला असेल तर समोरचा वकील घड्याळ तिथून लावेल.